चिंधीपर्यंतचं पाणी

२०२३ सालचा उन्हाळा. होळी होऊन गेली होती, अक्षय तृतीया यायची होती. तेव्हापासून पुढच्या थंडीपर्यंत आमच्या शेडवर जेवढे किस्से झाले, तेवढे माझ्या सगळ्या शेतीत झाले नाहीत. पिकाचं एक बरं असतं. काढलं की शेत रिकामं होतं. किस्से काढता येत नाहीत, एकावर एक साचत जातात. मग लग्नाच्या पंगतीत कोणीतरी म्हणतं, "भाऊ, तो कूलरचा सांगा ना." मी सांगतो, लोक हसतात. त्याच्या पुढचे मी सांगत नाही.

आज सांगतो.

*

आमचं गाव अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना लागतं. सगळा खारपाण पट्टा. वर काळी माती, खाली खारं पाणी. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागतं. मी चौथी शिकलो आणि जन्मभर पावसाच्या भरवशावर शेती केली. कोणाकडून कधी काही उसनं आणलं नाही. साखर नाही, बैल नाही, शब्दही नाही.

मुलगी वैशाली अमरावतीला दिली आहे. जावई प्रमोदराव मूळचे वरुडचे, संत्र्याच्या मुलखातले. अमरावतीत शिकवणीचे क्लास घेतात. वैशालीनं कुठलंसं ट्रेनिंग केलं आणि आदल्या दिवाळीनंतर माझ्या शेतात शेड उभं केलं. वर प्लास्टिक, बाजूला जाळी, आत लांबच लांब पन्हाळी. त्यात काकडी लावायची होती.

"बाबा, याच्यात माती लागतच नाई," ती म्हणाली.

मी त्याच मातीच्या बांधावर बसलो होतो. म्हटलं, "मंग पीक कायच्यावर उभं राहीन? तुया शब्दावर?"

तिनं समजावून सांगितलं. मुळांना धरायला काहीतरी लागतं. ते पाणी धरणारं पाहिजे, हवा खेळू देणारं पाहिजे, आणि स्वतःचं काही न देणारं पाहिजे. त्याला मीडियम म्हणतात. खत-औषध सगळं पाण्यातून जातं.

"सोताचं काई न देणारे आपल्या गावात लय हायेत," मी म्हटलं. "किती पाह्यजेत?"

ती हसली नाही. तिनं या शेडपायी अमरावतीचं घर सोडून उन्हाळाभर माहेरी राहायचं ठरवलं होतं. ते कोणाला सहज जमत नाही.

*

शरीफभाई अकोल्यात गाद्या भरतात. मूळचे आमच्याच गावचे, माझे तरुणपणापासूनचे दोस्त. त्यांच्या कानावर गेलं, की नारळाचा काथ्या मीडियम म्हणून चालतो. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. कुठल्याशा बंद पडलेल्या लॉजच्या काथ्याच्या गाद्या, फाटलेल्या, डाग पडलेल्या.

"फुकट हाये भाऊ. माल तोच."

दिवसभर आम्ही गाद्या फाडल्या. आत केसांच्या पिना निघाल्या, विड्यांची थोटकं निघाली, ढेकूण तर जिवंत निघाले. काथ्याला रबर लावलेलं होतं. हौदात भिजवला तर तो तरंगायला लागला. काठीनं दाबला तर पुन्हा वर. शेवटी शरीफभाई स्वतः हौदात उतरून त्यावर उभे राहिले. काथ्यानं त्यांनाही वर उचललं.

तरी भरला. आधी पालक लावून पाहिला. रबरावर पाणी ठरेना, मुळं आत शिरेनात. चार-आठ दिवसांत सगळा पालक आडवा.

वैशालीनं शरीफभाईंकडे पाहिलं.

"गादी हाये बेटा," ते म्हणाले. "पालक झोपला, तर त्याचा काय कसूर?"

*

मग गिट्टी. ही अक्कल माझी. नाल्यातली गोटेरी वाळू, फुकटची आणि धुतलेली. ट्रॅक्टरनं आणली, चाळली, भरली.

रोपं पिवळी पडायला लागली. वैशाली रोज सकाळी पाण्याचा आंबटपणा बरोबर करून ठेवायची. संध्याकाळी तो पुन्हा बिघडलेला. तिला वाटलं मोजायचं यंत्र बिघडलं. मग तिला कसली शंका आली कोण जाणे, तिनं लिंबू मागितलं.

लिंबू आणायला लांब जावं लागत नाही. आमच्या खालच्या अंगाला वच्छलाबाईचं शेत आहे. विधवा बाई, माझ्याच वयाची, शेत एकटी करते. लिंबाच्या दोन रांगा, एक म्हैस आणि एक शेततळं. तळ्याला प्लास्टिक अंथरलेलं, म्हणून जमिनीचा खार पाण्याला लागत नाही. पावसाचं साठतं ते तेवढं. आमच्या सगळ्या शिवारात गोडं पाणी म्हणजे ते एक तळं, आणि दोन रांगा लिंब त्याच्यावर जगलेली.

बाई लिंबू घेऊन स्वतःच आली. वैशालीनं अर्धं लिंबू गिट्टीवर पिळलं. गोट्यांवर फेस आला. चुनखडी होती. रोज तीच पाणी बिघडवत होती.

वच्छलाबाईनं उरलेलं अर्धं लिंबू वैशालीच्या हातातून परत घेतलं.

"गोट्याले पाजण्यापेक्षा वरणात पिळा," म्हणाली आणि गेली.

*

आता तो कूलरचा.

शेवटी वैशालीनं विकतचं कोकोपीट मागवलं. म्हणजे नारळाच्या सालीची भुशी. ती वाळवून, दाबून विटा करतात. पाण्यात टाकली की एक वीट फुगून पाटीभर होते. ट्रान्सपोर्टनं गाडी आली. शेडवर सावली नव्हती, म्हणून विटा घराच्या मधल्या खोलीत रचल्या. दाराच्या मागं, थेट माळ्यापर्यंत.

त्याच खोलीच्या खिडकीला कूलर आहे. त्याची टाकी गळते. गळते म्हणून खाली घमेलं ठेवतो. विटा रचताना ते घमेलं कोणीतरी बाजूला सारलं.

त्या दिवशी प्रमोदराव आले. जावई माणूस, वऱ्हाडातलं ऊन. जेवण झालं, खोली दिली, कूलर लावून दिला, दार ओढून घेतलं. ते झोपले. कूलर गळत राहिला आणि विटा पीत राहिल्या.

दुपार कलल्यावर आतून दारावर टकटक झाली. मी ऐकलं, पण जावयाला हाक मारून काय झालं म्हणून विचारायचं कसं? जरा वेळानं पुन्हा टकटक. मग अगदी हळू आवाज आला.

"मामाजी, दार आतल्या अंगाले उघडते ना हे?"

"हो."

"मंग ते उघडून नाई राहिलं. इथं पहाड झाला."

खिडकीत कूलर, दारात कोकोपीट. शेवटी कूलर काढला आणि जावयाला खिडकीतून बाहेर घेतलं. अंगभर तपकिरी भुशी. वैशालीच्या आईनं डोक्यावर पदर घेतला आणि त्यांना विचारलं, चहा घेता काय.

लोक इथंच हसतात. मीही इथंच थांबतो. कारण त्या खोलीतून भुशी काढता काढता वैशाली म्हणाली, की फुगली ते ठीक आहे, पण आता ही धुवायची आहे. नारळ समुद्राकाठचा. भुशीत मीठ असतं. ते धुऊन काढल्याशिवाय रोप लावलं तर जळतं.

*

धुवायला पाणी आमच्या विहिरीचं.

हौदात भुशी टाकायची, पाणी सोडायचं, ढवळायचं, खालून काढून टाकायचं. चहासारखं पाणी निघायचं. वैशालीकडे पेनासारखं एक मीटर होतं. पाण्यात क्षार किती ते सांगायचं. पहिल्या धुण्यानंतर तिनं ते बुडवलं. आकडा मोठा. ठीक आहे, पहिलंच धुणं. दुसऱ्यांदा धुतलं. तेवढाच. तिसऱ्यांदा धुतलं, तर वाढला.

आठवडाभर आम्ही धूत होतो. माझे हात सोलले. शरीफभाई दुकान पोरांवर टाकून यायचे. आकडा उतरेना. मीटर बिघडलं म्हणून वैशाली ते अकोल्याला दाखवून आली. मीटर चांगलं होतं. मग आम्ही भुशीच्या व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. त्यानं समुद्रच विटेत भरून पाठवला, असं शरीफभाई म्हणाले.

त्या रविवारी प्रमोदराव पुन्हा आले. ऊन लागलं होतं. विहिरीच्या पाइपाला ओंजळ लावली, एक घोट घेतला आणि थुंकला.

"मामाजी, हे पाणी तुम्ही भुशी धुवाले वापरून राहिले?"

"मंग?"

"खारं ढोण हाये हे."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी ओंजळ भरून प्यालो. शरीफभाई प्यायले. वैशाली प्यायली. आम्हाला ते पाणीच लागलं. जसं रोज लागतं तसं. याच पाण्यावर वाढलेली आमची जीभ. विहीर खारी आहे हे आम्ही जन्मापासून बोलत होतो, पण जिभेला कधीच कळलं नव्हतं. आठवडाभर आम्ही मीठ मिठानं धूत होतो.

शरीफभाई हौदाच्या काठावर बसले.

वैशालीच्या रोपांचे ट्रे तयार होते. फार दिवस थांबणार नव्हते. आणि गोडं पाणी शिवारात एकाच ठिकाणी होतं.

*

मी गेलो. वैशाली जाते म्हणाली, पण मी तिला जाऊ दिलं नाही. घरचा कर्ता मी.

वच्छलाबाई म्हशीला पेंड घालत होती. मी उभाच राहिलो. मी हे कधी केलंच नव्हतं. मला वाटलं पैशानं बोलावं, म्हणजे सोपं जाईल. मी पैशाचं नाव काढलं.

तिनं हात धुतले. "पाणी इकत नाई मी," म्हणाली. "पोरीसाठी पाह्यजे ना? उसनं न्या. पाण्याचं पाणी."

मग ती तळ्यावर आली. तळ्यात एक बांबू रोवलेला आहे. आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, पाण्यात उतरली आणि पाण्याच्या बरोबर रेघेवर ती चिंधी बांधली. लाल चिंधी.

"इथवर होतं," म्हणाली. "इथवर पाह्यजे."

आम्ही मोटार लावली. त्या पाण्यानं धुतलं आणि पहिल्याच धुण्यात मीटरचा आकडा उतरला. वैशाली हौदाजवळ उभी राहून रडली. पुन्हा धुतलं, आणखी उतरला. मी तळ्याकडे पाहिलं. चिंधी पाण्याच्या वर आली होती आणि वाळून फडफडत होती.

*

मला वाटलं झालं.

वैशालीनं सांगितलं, अजून एक काम आहे. भुशी आता कॅल्शियमच्या पाण्यात भिजत ठेवायची. ते पाणी भुशीत दडून बसलेलं मीठ बाहेर ओढतं. मग पुन्हा एकदा गोड्या पाण्यानं धुवायचं. ते केलं नाही तर मीठ नंतर हळूहळू सुटतं आणि काकडी फुलावर आली की मरते. पुढं पिकाला पाजायलाही गोडंच पाणी लागणार होतं.

"हे तू आधी कावून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं बाबा. तवा तुमी गाद्या फाडून राहिले होते."

दुसऱ्यांदा जाणं पहिल्यापेक्षा जड. मी तळ्याच्या बाजूनं गेलोच नाही, लांबून वळसा घालून तिच्या घराकडून गेलो. चिंधीखाली बांबू किती उघडा पडला होता ते मला पाहायचं नव्हतं. बाईला सांगितलं. ती थोडा वेळ लिंबांकडे पाहत राहिली. पुढं वैशाख होता, ज्येष्ठ होता.

"अर्धं आंग धुऊन कोनी उठते काय?" म्हणाली. "न्या."

*

आता हे नीट सांगितलं पाहिजे.

आमचं शेत वर, तिचं खाली. मधून जुनी नाली आहे. वरच्या शेताचं उरलेलं पाणी खालच्याला सोडायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे. त्याला कोणी विचारत नाही आणि कोणी उपकार मानत नाही. माझ्या बापानं सोडलं, मीही सोडत आलो. धुण्याचं पाणी हौदातून निघायचं ते आपोआप त्या नालीनं जायचं आणि लिंबांच्या पहिल्या रांगेत मुरायचं.

आम्ही ते पाहत होतो. उलट बरं वाटत होतं. शरीफभाई तर म्हणालेही, "चला, थोडं तरी बाईले परत चाललं."

विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं आठवडाभर धुतलं, ते तिकडंच गेलं. तिच्या गोड्या पाण्यानं समुद्राचं मीठ धुतलं, तेही तिकडंच गेलं. कॅल्शियमनं ओढून काढलेलं मीठ, तेही. मीडियम निवडायला, धुवायला, मोजायला आम्ही इतके जण होतो. धुतलेलं जातं कुठं हे एकानंही पाहिलं नाही.

ज्येष्ठात एक दिवस सकाळी वच्छलाबाई आली. ओट्यावर लिंबाची एक फांदी ठेवली. पानांच्या कडा जळाल्या होत्या, कागद विस्तवाला लागावा तशा.

"मीठ चढलं," म्हणाली.

एवढंच बोलली. तिनं शिव्या दिल्या असत्या, तर मला उत्तर देता आलं असतं. ती उठून गेली, आणि फांदी ओट्यावर राहिली. वैशालीच्या आईनं ती दोन दिवस उचलली नाही, मीही उचलली नाही.

आम्ही त्याच दिवशी नाली बुजवली. पहिली रांग गेली. दुसऱ्या रांगेला तळ्यातलं पाणी पुरेना, कारण तळ्यात पाणी राहिलं नव्हतं. म्हैस तिनं बार्शीटाकळीला भावाकडे पाठवली. ज्या दिवशी म्हैस गाडीत चढवली, त्याच दिवशी वैशालीच्या शेडमध्ये पहिली काकडी निघाली. चांगली होती. सरळ, हिरवी, हातभर. वैशालीनं ती कापून ताटात ठेवली. कोणीच उचलली नाही.

*

त्या वर्षी श्रावण दोन आले. अधिक महिना होता. पहिला बरा गेला. वच्छलाबाईच्या तळ्यात पाणी चढायला लागलं. शरीफभाई आले की आधी तळ्याकडे पाहायचे.

"ऊपरवाला भरून देईन भाऊ. तुमी कायले जीव जाळता?"

"ऊपरवाल्यानं उसनं नेलं नवतं," मी म्हटलं.

दुसरा श्रावण जवळजवळ कोरडा गेला. पुढं जे पडलं ते पडलं. तळं चिंधीच्या बरंच खाली थांबलं, आणि पावसाळा संपला.

आमच्याकडे मात्र पाणी होतं. शेडच्या प्लास्टिकवर पडलेला सगळा पाऊस पन्हाळीनं शेडमागच्या खड्ड्यात जमा व्हायचा. वैशालीनं तिथं प्लास्टिक अंथरून घेतलं होतं. ते पाणी हिवाळी पिकासाठी. नवी भुशी आणून ठेवली होती, यावेळी कोरड्या जागी. ती धुवायची, भिजवायची, पुन्हा धुवायची आणि मार्गशीर्षापर्यंत दुसरी काकडी उभी करायची. पहिल्या पिकानं शेड नुसतं तगलं होतं. दुसऱ्या पिकावर सगळं होतं. अमरावतीच्या एका हॉटेलवाल्यानं माल घेतो म्हणून सांगितलं होतं.

खड्ड्यात पाणी एका कामापुरतं होतं. दोन कामं होती.

मी वैशालीला काही बोललो नाही. बापानं मुलीला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुझं पीक राहू दे?

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेलो, तर वैशाली नव्या पाइपाचं भेंडोळं उलगडत होती. एक टोक खड्ड्यात होतं. दुसरं ओढत ती बांधाकडे चालली होती. खाली, वच्छलाबाईच्या तळ्याकडे. मी दुसरीकडून पाइप धरला.

मोटार लावण्याआधी तिनं खड्ड्यात मीटर बुडवलं. आकडा बरोबर होता. तिनं मला दाखवला. पण यावेळी मला नुसत्या आकड्यावर भागवायचं नव्हतं, आणि माझ्या जिभेवर तर भरवसा नव्हताच. मी प्रमोदरावांना फोन केला.

"काय झालं मामाजी?"

"पाणी प्याले या," मी म्हटलं.

ते अमरावतीहून मोटरसायकलवर आले. क्लास सोडून आले. खड्ड्याच्या काठावर बसले, ओंजळ भरली, प्यायले. तोंडात थोडा वेळ धरलं. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो. शरीफभाईही आले होते.

"गोड हाये," ते म्हणाले.

मोटार लावली. वच्छलाबाई तळ्याच्या काठावर येऊन उभी राहिली. ये म्हटलं नव्हतं, तरी आली. पाणी पडत राहिलं. दिवसभर पडलं. दुसऱ्या दिवशीही पडलं. शेडमागचा खड्डा तळाशी जात होता, इकडे बांबू एकेक पेर बुडत होता. नवी भुशी शेडमध्ये तशीच कोरडी पडून होती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना पाणी चिंधीला लागलं. आधी खालची दशी भिजली. मग चिंधी ओली झाली आणि पाण्यावर पसरली.

वच्छलाबाईनं हात वर केला. वैशालीनं मोटार बंद केली.

बाई तळ्यात उतरली. बांबूची चिंधी सोडली, पिळली, खांद्यावर टाकली, आणि उरलेल्या रांगेला पाणी द्यायला गेली.